मुलांच्या प्रश्नांना मराठीत उत्तर मिळेल असे एक कायमचे ठिकाण हवे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अकोले तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले. त्या सगळ्या काळात ज्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त अडवले, तो सातवीतल्या एका मुलीने शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारला होता. मृगाच्या सरी येण्याच्या सुमारास आमच्याकडे भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे गोळा होतात आणि अख्खे झाड एकदम उजळते, एकदम विझते. आदल्या रात्री ते पाहून आलेली ही मुलगी म्हणाली, "बाई, सगळ्यांनी एकदम लुकलुकायचं, हे त्यांना सांगतं कोण?" मी काजव्याच्या पोटातील ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य, त्याचा ऑक्सिजनशी होणारा संयोग आणि त्यातून निघणारा थंड प्रकाश हे सगळे समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "पण सांगतं कोण?" तिने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले होते, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते.

ते मी तिला सांगितले आणि विचारून कळवते असा शब्द दिला. विचारायचे कोणाला, हे मात्र मला कळत नव्हते. शाळेच्या ग्रंथालयात काजव्यांवर जेमतेम एक परिच्छेद सापडला. एका संस्थेला पत्र लिहिले, त्याला उत्तर आले नाही. काही वर्षांनी शाळेत इंटरनेट आले, तेव्हा परदेशातील एका विद्यापीठाचे शास्त्रज्ञ शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतात असे समजले, म्हणून तो जुना प्रश्न इंग्रजीत लिहून पाठवला. नवव्या दिवशी उत्तर आले. कीटकांवर काम करणाऱ्या एका संशोधकांनी लिहिले होते की, काजव्यांत म्होरक्या कोणीही नसतो. प्रत्येकाची लुकलुकण्याची स्वतःची लय असते, शेजारच्याचा प्रकाश दिसला की तो आपली लय किंचित पुढे-मागे करून घेतो, आणि असे लहान लहान बदल होत होत सगळे झाड एका ठेक्यात येते. त्याखाली त्यांनी आम्हालाच चार प्रश्न विचारले होते. तुमच्याकडचे काजवे बसून चमकतात की उडताना, शेजारशेजारच्या दोन झाडांचा ठेका एक असतो की वेगळा, संध्याकाळी हा ठेका जमायला किती वेळ लागतो, आणि पावसाची सर येऊन गेल्यावर काय होते? हे उत्तर आले तेव्हा ती मुलगी दहावी होऊन शिक्षणासाठी गाव सोडून गेली होती. मी ते मराठीत लिहून तिच्या घरी नेऊन दिले. पुढच्या मृगाला ती गावी आली, चार रात्री त्या झाडांपाशी जाऊन बसली आणि चारही प्रश्नांची उत्तरे वहीत टिपून मला दाखवायला घेऊन आली.

हा प्रसंग सांगताना एक गोष्ट मला अजून लागते. तिचा प्रश्न इंग्रजीत लिहिताना मी तो 'काजव्यांच्या एकाच वेळी चमकण्यामागची यंत्रणा कोणती' अशा अर्थाचा करून टाकला होता. 'सांगतं कोण' हे शब्द त्यातून गळून गेले होते. खरे तर त्या प्रश्नातला जीव त्याच शब्दांत होता. एवढे जण एकत्र काही करतात म्हणजे त्यांना हुकूम देणारा कोणीतरी असणारच, असा तिचा साधा तर्क होता, आणि 'कोणीच सांगत नाही' हे उत्तर त्या तर्काला धक्का देणारे असल्यामुळेच इतके सुंदर होते. शास्त्रज्ञांना मात्र तिचा तर्क दिसलाच नाही, त्यांना माझे भाषांतर दिसले. मूल ज्या शब्दांत विचारते, त्या शब्दांतच त्याचा विचार कुठवर आला आहे हे कळते. म्हणूनच मराठी मुलांचे प्रश्न मराठीतच स्वीकारणारी, आणि विषयातील जाणकारांकडून मराठीतच उत्तर मिळवून देणारी ऑनलाइन प्रश्नोत्तर सेवा महाराष्ट्रात कायमस्वरूपी असली पाहिजे, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अशी परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि त्याच्या उत्तराखाली आपली सही करून पाठवत. स्वाक्षरीच्या हौसेने आलेल्या मुलाला घरी जाऊन काय विचारू याचा विचार करायला लावणे ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते, कारण खरे शिक्षण त्या कोऱ्या पोस्टकार्डापुढे बसलेल्या तासाभरात होत असे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी सवालीरामला पत्र लिहायचे आणि कार्यक्रमाशी जोडलेल्या शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी सवालीराम होऊन उत्तर द्यायचे, अशी ती पद्धत होती. पुढे शेकडो शाळांत पोहोचलेला तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद करण्यात आला, परंतु खेड्यातील मुलांना पत्ता दिला आणि उत्तराची खात्री दिली की ती विचारतात, हे त्याने दाखवून दिले.

इंटरनेट आल्यावर हेच काम इतरत्र मोठ्या प्रमाणावर झाले. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून १९९५ मध्ये 'मॅडसाय नेटवर्क' सुरू झाले आणि निरनिराळ्या विषयांतील शास्त्रज्ञ स्वयंसेवक म्हणून त्यात उत्तरे देऊ लागले. कॉर्नेल विद्यापीठात खगोलशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांनी १९९७ मध्ये लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम हाती घेतले. हे विद्यार्थी होते, नामवंत प्राध्यापक नव्हते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. ज्याने नुकताच एखादा विषय धडपडून समजून घेतला आहे, त्याला तो न समजण्याच्या जागा आठवत असतात, त्यामुळे तो मुलाला अधिक जवळून उत्तर देऊ शकतो. या सेवांनी अनेक प्रश्न आणि त्यांची उत्तरे जपून ठेवली, त्यामुळे एका मुलाचे कुतूहल पुढच्या हजारो मुलांच्या उपयोगी पडले. एक इशाराही त्यांच्या इतिहासातून मिळतो. अमेरिकेतीलच आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९१ पासून चालवलेली अशीच एक सेवा पुढे बंद झाली. एखाद्या उत्साही व्यक्तीवर किंवा तात्पुरत्या निधीवर उभे राहिलेले काम टिकत नाही, म्हणून आपल्याकडे असे काही करायचे तर ते विद्यापीठांच्या नित्याच्या कामाचा भाग म्हणूनच करावे लागेल.

महाराष्ट्रात जाणकारांची वाण नाही. १९६६ पासून कार्यरत असलेली मराठी विज्ञान परिषद, मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्यातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिका या संस्थांनी मुलांसाठी केलेले काम मी जवळून पाहिले आहे. आमच्या शाळेची मुले मी विज्ञानदिनाच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील खोडद येथे नेत असे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली ती रेडिओ दुर्बीण पाहताना मुलांची तोंडे उघडी राहत, आणि तेथील शास्त्रज्ञांना ती इतके प्रश्न विचारत की माझीच मुले मला अनोळखी वाटत. 'अँटेनाला जाळी आहे, मग रेडिओ लहरी भोकांतून निसटत कशा नाहीत,' असे वर्गात कधीही तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने विचारले होते. लहरींची लांबी भोकांपेक्षा पुष्कळ मोठी असते, म्हणून त्यांना ती जाळी अखंड पत्र्यासारखीच असते, हे उत्तर मिळाल्यावर तो परतीच्या प्रवासात कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीबद्दल बोलत राहिला. पण बस गावात आली की ते दार मिटत असे. तिसऱ्या दिवशी त्याला दुसरा प्रश्न सुचला तर तो विचारायला जागा नव्हती. वर्षातून एका दिवशी उघडणारे हे दार वर्षभर उघडे राहावे, एवढीच माझी विनंती आहे.

चांगले उत्तर म्हणजे काय, याविषयी मात्र नेमकेपणाने बोलायला हवे, कारण केवळ माहिती पुरवणारी सेवा उभी करायची असेल तर तिची गरज नाही. 'विहिरीचे पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार का लागते' हा प्रश्न आमच्याकडचे प्रत्येक मूल कधी ना कधी विचारते. जमिनीखाली काही मीटरवर वर्षभर तापमान फारसे बदलत नाही आणि आपली त्वचा बाहेरच्या हवेशी तुलना करते, हे त्याचे उत्तर झाले. खरा जाणकार त्याच्या पुढे जाऊन लिहील की, बादली वर काढल्याबरोबर पाण्याचे तापमान तापमापीने मोज, त्याच वेळी सावलीतल्या हवेचेही मोज, हे पौषात आणि वैशाखात आठ-आठ दिवस कर आणि आकडे मला कळव. असे उत्तर मिळालेल्या मुलाला विज्ञान हे पुस्तकात लिहून ठेवलेले प्रकरण वाटत नाही, ते त्याच्या विहिरीच्या काठावर आलेले असते.

दुसरे उदाहरण सावलीचे. भर दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, असे मुलांनी ऐकलेले असते. एका मुलाने वर्षभर अधूनमधून काठी रोवून पाहिली आणि तक्रार केली की, बारा वाजता सावली उरतेच, म्हणजे ऐकले ते खोटे आहे. त्याचे निरीक्षण अचूक होते. सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा प्रसंग आमच्या अकोले गावी वर्षातून दोनदाच येतो, एकदा मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि एकदा जुलैच्या अखेरीस, आणि जुलैत आभाळ भरलेले असते. शिवाय आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताच्या वेळेवर चालतात, आम्ही ७४ अंशांच्या आसपास आहोत, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागत असल्याने आमच्याकडची खरी मध्यान्ह बारानंतर साधारण अर्ध्या तासाने होते. मला हे ठाऊक होते म्हणून मी त्याला सांगू शकले. ज्या शाळेत हे सांगणारे कोणी नसेल, तेथे त्या मुलाने काय समजायचे? आपण पाहिले ते चूक आणि लोक सांगतात ते बरोबर, असेच बहुधा तो समजेल, आणि विज्ञानशिक्षणाची याहून मोठी हानी मला सुचत नाही.

सर चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ मध्ये समुद्रप्रवासात भूमध्य समुद्राची निळाई पाहत होते. समुद्र आकाशाच्या प्रतिबिंबामुळे निळा दिसतो, हे त्या काळी मान्य असलेले उत्तर त्यांनी तसेच स्वीकारले नाही. जवळच्या साध्या प्रकाशीय उपकरणातून परावर्तित प्रकाश वगळून पाहिला, तरी निळाई राहिलीच. तेथून सुरू झालेला शोध २८ फेब्रुवारी १९२८ ला फळाला आला आणि तो दिवस आपण विज्ञानदिन म्हणून पाळतो. आमच्या शाळांत त्या दिवशी रांगोळ्या, भाषणे आणि प्रश्नमंजूषा होतात. प्रश्नमंजूषेत प्रश्न मोठी माणसे विचारतात आणि मुले उत्तरे देतात. निदान त्या एका दिवशी हे उलटे व्हावे, असे मला फार वाटते.

आता कोणी म्हणेल की, मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की क्षणात उत्तर मिळते, मग या खटाटोपाची गरज काय? माझी नातवंडे ते रोज करतात आणि मी त्यांना अडवत नाही. परंतु तेथे मिळणारे उत्तर कधी कधी चुकीचे असते, आणि तेही अस्खलित भाषेत व ठाम स्वरात असते, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती चूक ओळखता येत नाही. जबाबदारीने उत्तर देणारा माणूस 'हे मला माहीत नाही', 'यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही' किंवा 'तू पाहिलेस ते आधी मला नीट सांग' असे लिहितो, तेव्हा मुलाला ज्ञानाची हद्द कोठे आहे तेही दिसते. शिवाय, दूरच्या एका संशोधकाने माझा प्रश्न वाचला, त्यावर अर्धा तास विचार केला आणि मला उत्तर लिहिले, या भावनेने मूल जे बळ घेते ते मी त्या काजव्यांच्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

व्यवहाराचे म्हणाल तर हे अवघड नाही. राज्यातील विद्यापीठांच्या विज्ञान विभागांतील ३०० संशोधक विद्यार्थ्यांनी महिन्याला फक्त २ प्रश्नांची उत्तरे दिली, तरी १० महिन्यांत ६,००० उत्तरे होतात. हे काम त्यांच्या संशोधनकाळातील अधिकृत काम म्हणून धरले जावे आणि उत्तरावर त्यांचे नाव असावे. मुलाचे नाव मात्र कधीही प्रसिद्ध होऊ नये, इयत्ता आणि तालुका पुरेसा आहे, आणि मूल व उत्तरदाता यांचा थेट संपर्क न येता सगळे संपादकांमार्फत जावे, ही अट मी शिक्षिका म्हणून सर्वांत आधी घालीन. प्रश्न वहीच्या पानावर लिहून त्याचे छायाचित्र पाठवण्याची किंवा बोलून पाठवण्याची सोय असावी, कारण टंकलेखन येत नाही म्हणून पुष्कळ प्रश्न राहून जातात. मूल अहिराणीत विचारो की मालवणीत, शुद्धलेखन कसेही असो, तो प्रश्न परत जाऊ नये. गृहपाठाचे प्रश्न मात्र नम्रपणे परत पाठवावेत. आधी आलेल्या प्रश्नांचा साठा विषयवार शोधता यावा. आणि उत्तर दोन आठवड्यांच्या आत यावे. उशिरा आलेल्या उत्तराची किंमत मी अनुभवली आहे.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. आपल्याला उत्तर आले नाही तर वर्गात मान खाली जाईल, या भीतीने आपण प्रश्न टाळतो, 'ते पुढच्या इयत्तेत आहे' असे सांगून मुलाला खाली बसवतो. मीही सुरुवातीची काही वर्षे तसे केले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते. विषयशिक्षकाला प्रत्येक गोष्ट ठाऊक असणे शक्य नाही, आणि विचारायला खात्रीचे ठिकाण असेल तर 'चला, आपण विचारू' असे म्हणणे सोपे होते. आठवड्याला एक तास प्रश्न लिहिण्यासाठी राखून ठेवावा. पहिल्या दोन आठवड्यांत मुले पुस्तकातलेच प्रश्न लिहितात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून गोठा, चूल, ओढा आणि आभाळ त्यात येऊ लागते.

वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणे हे १९७६ पासून संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. उच्च शिक्षण विभागाने आणि शालेय शिक्षण विभागाने एकत्र बसून ही सेवा सुरू करावी, आणि ती सुरू होईपर्यंत आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा एका मुलाचा प्रश्न आणि त्या विषयातील संशोधकाचे उत्तर छापण्यापुरती जागा द्यावी, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

सुरुवात म्हणून आमच्या गावातील मुलांनी गेल्या महिन्यात मला विचारलेले चार प्रश्न येथे देत आहे. बॅटरीचा उजेड पडला की रात्री बैलाचे डोळे चमकतात, मग आमचे का चमकत नाहीत? भाकरी फुगते तेव्हा तिचा वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटतो कसा? कडुनिंबाचा पाला इतका कडू असून शेळीला कसा आवडतो? मुंग्या वारुळाकडे परत जाताना वाट चुकल्या तर दुसऱ्या वारुळातल्या मुंग्या त्यांना आत घेतात का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी माझ्या परीने दिली आहेत. शेवटचे दोन प्रश्न विचारणारी मुले दररोज संध्याकाळी ओट्यावर येऊन उत्तर आले का म्हणून विचारतात, तेव्हा आपल्या वाचकांपैकी कोणी प्राणिशास्त्राचे अभ्यासक असतील तर त्यांनी आपल्या दैनिकामार्फत अवश्य कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
अकोले, जि. अहिल्यानगर